भोकं पडलेल्या पानाचे लाड

चंद्रपूर-गडचिरोलीत पानाची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. ऊन तापायला लागलं की तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. माणसं अंधारातच जंगलात जातात, ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी आणतात, आणि मग अख्खं घर ओसरीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतं. संध्याकाळी ते फडीवर न्यायचे. तिथला मुन्शी पुडा हातात घेतो, अंगठ्यानं पानं सरकवतो आणि न बोलता निकाल देतो. पान फार कोवळं असेल तर बाद, जून झालं असेल तर बाद. आणि किडीनं खाऊन भोकं पडलेलं निघालं, तर तो त्या पानाकडे न पाहता ते आणणाऱ्याकडे पाहतो. ती नजर माणूस पुढच्या हंगामापर्यंत विसरत नाही.

अशा मुलखात माझ्या मुलीनं आठशे रुपये देऊन एक झाड आणलं. त्याला पानं होती तीन, आणि तिन्हींना भोकं.

माझ्या आईचं माहेर धानोरा तालुक्यातलं. तिचं लहानपण तेंदूच्या पुड्यात बांधलं गेलेलं. तिनं चष्मा लावला, पान उलटं केलं, सुलटं केलं, भोकातून बोट आरपार घातलं आणि म्हणाली, "बाई वो, फसवलं तुले. मुन्शीनं फेकून देल्लं असतं हे."

"आजी, भोकांचेच पैसे आहेत," मुलगी म्हणाली. "लहानपणी याच्या पानाला भोकं नसतात. झाड मोठं झालं की पडतात. जितकी भोकं जास्त तितकं भारी."

"मंग आमच्या गावच्या अळ्या करोडपती व्हायला पाह्यजे होत्या."

झाडाचं नाव मॉन्स्टेरा. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या पावसाळी जंगलात ते मोठ्या झाडांच्या खोडांवर चढत राहतं. आमच्याकडे ते आलं नर्सरीवाल्याकडून, आणि नर्सरीवाल्याचा माल येतो कडियमहून. आंध्रातलं राजमहेंद्रीजवळचं हे कडियम म्हणजे नर्सऱ्यांचंच गाव. तिथल्या कुंड्या ट्रकमध्ये बसून निम्मा देश फिरतात. आमच्या सिरोंच्याजवळून जी गोदावरी जाते, तीच पुढे त्यांच्या अंगावरून समुद्राला मिळते. म्हणजे नदी इकडून तिकडे जाते आणि मॉन्स्टेरा तिकडून इकडे येतो. व्यवहारात कोण फायद्यात आहे हे मी विचारलेलं नाही.

आठशेवर आईचा विश्वास बसेना, म्हणून मुलीनं तिला मोबाईलवर आणखी एक प्रकार दाखवला. त्याच्या पानांवर पांढरे पट्टे आणि डाग. आईनं तात्काळ निदान केलं, "रोग." धानावर असे डाग दिसले तर शेतकरी फवारणीचा पंप पाठीवर घेऊन धावतो. पण या झाडांच्या दुनियेत डाग पडले की भाव चढतो. टाळेबंदीच्या काळात जगभरच्या लोकांना घरात बसून दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा हे वेड शिगेला पोचलं होतं. २०२१ साली न्यूझीलंडमध्ये मॉन्स्टेराच्याच कुळातल्या अशाच एका पांढऱ्या डागांच्या रोपाला ऑनलाइन लिलावात २७ हजारांहून जास्त न्यूझीलंड डॉलर मिळाले. आपले चौदा लाख रुपये. पानं दहासुद्धा नव्हती. म्हणजे एका पानाला जवळजवळ दीड लाख. आईनं मनातल्या मनात सत्तर पानांचा पुडा केला असावा, कारण ती बराच वेळ काही बोलली नाही. मग एवढंच म्हणाली, "आणि लिलाव कोन्या ग्रामसभेचा होता?"

तिच्या विचारण्यात चूक नव्हती. गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आता तेंदूचा लिलाव स्वतः करतात. पानाला भाव कसा काढायचा असतो, हे त्यांना कळतं.

भोकांचं कारण मात्र तिला पटवून द्यावं लागलं. २०१३ साली ख्रिस्तोफर म्युअर नावाच्या संशोधकानं त्याचं गणित मांडलं. दाट जंगलाच्या तळाशी ऊन सलग पोचत नाही, इकडेतिकडे कवडसे पडतात. तेवढ्याच ऐवजात पान बनवायचं, पण मध्ये भोकं सोडून ते मोठं पसरायचं, म्हणजे कुठला ना कुठला कवडसा पदरात पडतोच. कमाई एकदम मोठी होत नाही, पण नियमित होते. एकूण हे झाड सरकारी नोकरीच्या विचाराचं आहे.

आईनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे ऊन गावत नाही म्हणून बिचाऱ्यानं सोताले भोकं पाडली?"

"हो आजी."

"मंग चंद्रपुरात काहून आणलं त्याले?"

घरातल्या कुणालाही याचं उत्तर अजून देता आलेलं नाही.

आईचा दुसरा प्रश्न उपयोगाचा होता. आमच्याकडे झाडाला हा प्रश्न विचारायची रीत आहे. मोहाची फुलं, चारोळी, तेंदूची पानं नि फळं, हिरडा, बेहडा, डिंक, पळसाच्या पत्रावळी, बांबूचे वास्ते. जंगलातल्या ज्याला त्याला काहीतरी काम आहे. बिनकामाचं झाड आईच्या ओळखीत नाही. हे खातात का, याचं फळ धरतं का, निदान पाला बकरी खाते का? मुलीनं सांगितलं की याचं फळ पिकलं की खाता येतं, पण घरातल्या कुंडीत ते धरत नाही. पाला बकरीनं खाऊ नये.

यावर आई कुंडीपाशी बसली, देठ हातात घेतला आणि आम्ही सगळे इंटरनेटवर शोधत होतो ते तिनं बघून सांगितलं, "अवो, हा तर धोपा आहे."

आणि होता. धोपा म्हणजे पुण्या-मुंबईकडचा अळू. मॉन्स्टेरा, धोपा, सुरण आणि मनी प्लांट ही सगळी एकाच कुळातली भावंडं. घसा खवखवायला लावणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या सगळ्या घराण्यात आहेत; म्हणून तर धोप्याच्या वड्यांना चिंच लागते. नातं सिद्ध झाल्यावर आईच्या डोळ्यात बेसन भिजवल्याची चमक आली. त्या दिवसापासून मुलगी कॉलेजला जाताना कुंडीची जबाबदारी तिच्यावर न सोपवता माझ्यावर सोपवून जाते. पान मोठं आहे, एका पानात चार माणसांच्या वड्या होतील, हा विचार आईनं पूर्णपणे सोडलेला आहे असं मला वाटत नाही.

इथपर्यंत हिवाळा होता. खरी गंमत मार्चनंतर सुरू झाली.

आमच्या इथलं जंगल फार व्यवहारी आहे. उन्हाळा येतोय हे कळलं की ते आवराआवर करतं. सुपाएवढाली पानं असलेला साग ती सगळी खाली टाकतो आणि काड्या वर करून उभा राहतो. आलापल्लीच्या जंगलातला, बल्लारपूरच्या डेपोतून अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी आणि नव्या संसद भवनासाठी गेलेला हा साग! एवढ्या मानमरातबाचं झाडसुद्धा एप्रिलमध्ये अंगावर पान ठेवायचा धोका पत्करत नाही. मोह आधी पानं टाकतो आणि मग निवांत फुलतो. तेंदूला नवी पालवी फुटते, पण ती आम्ही अंगावर राहू देत नाही. ताडोब्यातले वाघ पाणवठ्यात बुडून बसतात. चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या पुढे गेला की देशातलं सगळ्यात उष्ण शहर म्हणून टीव्हीवर आमचं नाव येतं, आणि आम्ही ते घाम पुसत, अभिमानानं पाहतो.

अशा वेळी ज्यानं कधी अठरा डिग्रीच्या खाली आणि तिशीच्या वर फारसं काही पाहिलं नाही, ज्याला सावली, ओलावा आणि धुक्याची सवय आहे, त्या झाडानं हिरवं, टवटवीत राहावं अशी आमच्या घराची अपेक्षा. सागाला जे जमत नाही ते कुंडीनं करून दाखवायचं.

चंद्रपूरच्या घरात मे महिन्यात मोठं कोण, हे कूलरपुढं कोण झोपतं त्यावरून कळतं. आमच्याकडे ती जागा बाबांची. बाबा वेकोलितून निवृत्त झाले. उघड्या कोळसा खाणीत मे महिन्याच्या दुपारी दुर्बीण लावून सर्वे करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यानंतर त्यांनी जगाकडे मागितलं ते एवढंच, की कूलरचं गवत दरवर्षी नवं असावं आणि खाट बरोबर समोर असावी. मुलीनं पुस्तकी ज्ञान आणलं: मॉन्स्टेराला दमट हवा लागते, एसी हवा कोरडी करतो, कूलर ओली करतो, सबब झाडाची योग्य जागा कूलरच्या खोलीत. फक्त थेट झोत नको, पानांच्या कडा करपतात. कूलरची हवा भिंतीला लागून जिथे वळते तिथे कुंडी ठेवायची.

नेमकी तिथे बाबांची खाट होती.

बाबांनी विरोध केला नाही. त्यांनी टेप काढला. हवेची दिशा कळावी म्हणून उदबत्ती लावून धूर कुठे वळतो ते पाहिलं, खोलीचा नकाशा काढला आणि तीन पर्याय कागदावर मांडले. तिन्हींमध्ये खाट जागच्या जागी होती आणि आम्ही बाकीचे वेगवेगळ्या ठिकाणी हललो होतो. शेवटी माझी बायको म्हणाली, "बाबा, तुम्ही उन्हात दिवस काढलेत. त्याची सवय नाही ना त्याला." हे वाक्य प्रशंसा म्हणून घ्यावं की हकालपट्टी म्हणून, हे ठरायच्या आत खाट सरकली होती. त्या उन्हाळ्यात झाडाचा थाट अधिक महिन्यात सासरी आलेल्या जावयाचा होता: बसायला घरातली सगळ्यात थंड जागा, विचारपूस तासातासाला, आणि स्वतःहून काही बोलायचं नाही, फक्त चेहरा पाडून बसायचं म्हणजे सगळे धावतात.

नवतपा लागला तसे आमचे प्रयोग वाढले. दुपारी लाईन गेली की पहिली आरोळी "झाड!" अशी पडायची. इथून दिसणाऱ्या धुरांड्यांखालच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे, पण दुपारी लाईन जायची तेव्हा जातेच. आणि गेली की आम्ही ओला दुपट्टा घेऊन आधी कुंडीकडे जायचो. विदर्भातला माणूस उन्हात निघताना डोक्याला दुपट्टा बांधतो आणि खिशात कांदा ठेवतो. कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, यावर इथे डॉक्टरांच्या घरातही दुमत नाही. एक दिवस मुलीला कुंडीच्या मातीत काहीतरी गोल हाताला लागलं. आईनं कांदा पुरला होता.

"त्याले खिसा कुठं आहे?" आई म्हणाली.

वैज्ञानिक दृष्टीनं या उपायाचं मूल्यमापन करणं कठीण आहे. मॉन्स्टेराचं एक पान पिवळं पडून गळलं, दोन राहिली. कांद्याला मात्र सुरेख पात फुटली. कुंडीची निगा पाहायला येणाऱ्यांना आधी तीच दिसायची.

पानं पुसण्याचं काम बाबांकडे आलं. आमच्या शहरात पानावर धूळ बसणं ही साधी गोष्ट नाही. खाणी आहेत, वीज केंद्र आहे, सिमेंटचे कारखाने आहेत, कोळशाचे ट्रक आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला शंभरपैकी ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. दहावीच्या निकालात इतके गुण मिळाले असते तर घरात पेढे आले असते. तर बाबा रोज सकाळी सुती फडकं भिजवून पान खालून तळहातावर घेतात आणि मधल्या शिरेपासून कडेकडे हलक्या हातानं पुसतात. भोकाच्या कडा बोटानं वेगळ्या पुसतात. शेजारच्या काकांनी चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल लावायला सांगितलं होतं. बाबांनी ते नाकारलं. तेलानं पानाची रंध्रं बुजतात. "खाणीत मशीनचा फिल्टर बुजला तर काय होते, मला विचारा," ते म्हणाले. काकांनी विचारलं नव्हतं, पण बाबांनी सांगितलं. एक तास.

पुसता पुसता बाबा एकदा मला म्हणाले, "ही राख कशाची आहे माहीत आहे?" मी म्हटलं, कोळशाची. "आणि कोळसा?" वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या झाडांचा आहे. खाणीत कधीकधी खडक फुटतो आणि आत ग्लॉसोप्टेरिसचं पान निघतं, जिभेच्या आकाराचं, मधली शीर नि जाळी सगळी स्पष्ट. बाबांनी ती हातात धरली आहेत. "म्हणजे त्या पानाची राख या पानावर पडते, आणि मी ती पुसून राहिलो," ते म्हणाले आणि फडकं बादलीत पिळलं. पाणी काळं झालं. मग लगेच, "त्या पानांना भोकं नव्हती पण."

घरातली झाडं हवा शुद्ध करतात, ही तर आमच्या कॉलनीतली सर्वांत लाडकी समजूत. तिचं मूळ १९८९ च्या नासाच्या अभ्यासात आहे. अभ्यास खोटा नव्हता. फक्त तो हवाबंद डब्यांत केलेला होता, आणि आमच्या घराच्या खिडक्या माझ्या लग्नाच्या आधीपासून नीट लागत नाहीत. २०१९ साली दोन संशोधकांनी असे सगळे जुने प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला. साध्या वाऱ्याच्या येण्या-जाण्यानं घरातली हवा जितकी बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील. आमची बैठक दहा बाय दहाची. म्हणजे अगदी कमी धरलं तरी नव्वदच्या वर कुंड्या. जास्तीत जास्त धरलं तर नऊ हजार. तेवढी झाडं जिथे आहेत अशी जागा आमच्याकडे आहे, तिला आम्ही गडचिरोली म्हणतो. जिल्ह्याचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग जंगल आहे आणि तिथे कुणालाही पानं पुसावी लागत नाहीत.

आमच्या ओळखीचे एक वनरक्षक आहेत. दिवसभर जंगलात चालून संध्याकाळी क्वार्टरवर परत येतात, तर दारात बायकोची अठ्ठावीस कुंड्यांची बाग, आणि हातात झारी. मी म्हटलं, तुम्हाला तर हे आवडत असेल. ते म्हणाले, "साहेब, ड्युटी संपली की मला भिंत पाहावीशी वाटते."

झाडाला पाणी हा विषय आला की आमच्या समाजाचं पुण्य आड येतं. घरात ठेवलेली पानांची झाडं तहानेनं कमी मरतात आणि पाण्यानं जास्त मरतात, मुळं सडतात. हे मुलीनं सगळ्यांना समजावून सांगितलं. बोट दोन पेरं मातीत घालायचं, आत ओल लागली तर पाणी घालायचं नाही. पण उन्हाळ्यात दारी आलेल्याला आधी पाणी, ही इथली रीत, आणि तीत झाडालाही वगळलं जात नाही. पाहुणा अर्धा ग्लास पितो आणि उरलेलं अगदी सहज, बोलता बोलता कुंडीत ओततो. पाणी वाया गेलं नाही आणि झाडाची सेवा घडली, असं दुहेरी समाधान त्याच्या चेहऱ्यावर असतं. एका लग्नाच्या बोलणीला आलेल्या मंडळींनी चहाही ओतला. आईचा तर मूळ सिद्धांतच वेगळा. ती धानाच्या मुलखातली. बांधीत पाणी तुंबलेलं दिसलं की तिला वर्ष चांगलं जाणार असं वाटतं. कुंडीतलं पाणी खालच्या भोकातून वाहून जातं हे पाहून तिनं ते भोक चिखलानं लिंपलं. तसं तिला त्या कुंडीत माती आहे हेच मान्य नव्हतं. "नारळाचा भुसा न् पांढरे खडे. याले माती म्हंतात?" आमची काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात चपला काढून घेते, तिच्यात मॉन्स्टेरा महिनाभर काढणार नाही. पण आईसमोर काळ्या मातीला नावं ठेवायची सोय नाही.

मुलीनं कुंडीला पाटी लावली: 'कृपया पाणी घालू नये.' पाहुणे ती वाचायला वाकत आणि वाकल्यावर हातातला ग्लास आपसूक कलंडत असे.

पावसाळ्यात महानगरपालिकेच्या ताई डेंग्यूच्या अळ्या तपासायला आल्या. त्यांच्याकडे बॅटरी असते आणि कुणाच्याही घरात थेट कूलरच्या टाकीपर्यंत जायचा आत्मविश्वास असतो. टाकीत टॉर्च मारली, माठाखाली मारली, मग नजर कुंडीखालच्या ताटलीवर गेली. ताटलीत पाहुण्यांचं पुण्य साचलेलं होतं. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा," ताई म्हणाल्या. मी म्हटलं, आम्ही रोजच कोरडा पाळतो, लोक पाळू देत नाहीत. त्यांनी ताटली उपडी केली, भिंतीवर तारीख लिहिली आणि जाता जाता पानाकडे पाहिलं. "अळ्यांनी खाल्लं वाटते." बॅगेतून औषध काढत होत्या, मुलीनं धावत येऊन थांबवलं.

मॉन्स्टेरा वाढू लागला तसा तो आडवा पसरायला लागला, कारण त्याला चढायला खोड हवं. हवेत मुळं सोडून तो आधार शोधतो. आमच्याकडे एकदा त्यानं मोबाईल चार्जरची वायर धरली. मुलीनं ऑनलाइन काथ्या गुंडाळलेली काठी शोधली, अडीचशे रुपये, घरपोच. हे वाचून बाबा उठून उभे राहिले. या भागातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यानं वर्षानुवर्षं गिळला. आईच्या माहेरच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावानं २०११ साली स्वतःच्या जंगलातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क वाजवून घेतला. चिचपल्लीला सरकारनं खास बांबू संशोधन केंद्र उभं केलं. आणि नात प्लास्टिकच्या नळीला अडीचशे मोजणार? ते बुरड मोहल्ल्यात जाऊन खांद्यावर एक बांबू घेऊन आले. बांबू अस्सल होता, उंची चौदा फूट. आमच्या बैठकीची उंची दहा. उरलेल्या चार फुटांवर बराच खल झाला. कापायला बाबा तयार नव्हते, कारण "उद्या झाड वाढलं तर?" सध्या बांबू तिरपा उभा आहे, त्याच्या वरच्या टोकाला आईच्या साड्या वाळतात आणि खालच्या चार फुटांवर सुतळी गुंडाळून मॉन्स्टेरा चढवलेला आहे.

एवढी हिरवळ घरात झाल्यावर सापाचा विषय निघायला हवा होता, तो निघाला. मनी प्लांटमागे साप बसतो असं सांगणारी एक व्यक्ती प्रत्येक गल्लीत नेमलेली असते. पण आमच्या शहरात साप ही शेवटची पायरी नव्हे. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे बिबट वस्तीत येतो, तिथे घरांभोवतीची झुडपं तोडून मोकळं करा असं सांगतात. तिकडे राहणारा माझा मेहुणा आमच्याकडे आला आणि बैठकीतली पानं पाहून दारातच थबकला. "जिजाजी, आमच्याकडे झाडी काढायला लावून राहिले, तुम्ही घरात लावून राहिले." रात्री तो बैठकीत झोपला नाही. आत, गच्चीला जाणाऱ्या जिन्याखाली झोपला आणि सकाळी म्हणाला की हवा चांगली होती.

मॉन्स्टेराच्या मानानं आमचा मनी प्लांट गरीब. तो बाटलीत, पाण्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत राहतो आणि काही मागत नाही. मूळचा तो पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. त्याची एक अडचण आहे, आणि ती कळल्यापासून मला त्याच्याबद्दल सहानुभूती वाटते. त्याला फुलं येत नाहीत. आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ सालची आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी कारण शोधलं: फुलण्यासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक हे झाड स्वतः पुरेसं बनवूच शकत नाही. फूल नाही म्हणून बी नाही. म्हणजे आज जगभरच्या खिडक्यांत जो मनी प्लांट दिसतो, तो हातोहात, फांदी तोडून, एका घरातून दुसऱ्या घरात गेलेला आहे. विकत घेतलेला मनी प्लांट पैसा आणत नाही, चोरून आणलेलाच आणतो, अशी आपल्याकडे जी पक्की धारणा आहे, तिच्याशिवाय हे झाड इतकं पसरलं असतं का, अशी मला शंका आहे. निसर्गानं याला फुलपाखरं दिली नाहीत, शेजारणी दिल्या.

परवा आमच्या समोरच्या वहिनी आल्या. त्यांच्या मुलाची बदली नागपूरला झाली आहे, नवं घर लावायचं आहे. बोलता बोलता त्यांची नजर खिडकीतल्या बाटलीवर होती. चहा झाला, पापड झाले, मॉन्स्टेराला आलेल्या नव्या पानाला एकूण किती भोकं पडतील यावर आई आणि बाबांची पैज लागली, तरी वहिनी निघेनात. शेवटी दारात चपला घालता घालता त्यांनी आईला हळूच विचारलं, "काकू, तुमचा मनी प्लांट चोरायचा होता. उद्या आलो तर चालते का?"

"उद्या सकाळी नोको येऊ," आई म्हणाली. "सकाळी नळ येते, मी स्वयंपाकघरातच असतो. चारला ये. मी पाठ करून बसतो, तू चोरून घे, मंग चहा घेऊन जाय."

"बरं. कैची आणू का?"

"काहून? आमच्या घरी कैची नाही का?"